पाळकसाहेबांचा आवाज

कन्याकुमारीहून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, वाटेतल्या गावांना शुभवर्तमान सांगत जावे, हा आमच्या पाळकसाहेबांचा संकल्प. जीपमध्ये ते, पाळकीणबाई, चालक आणि मी असे चौघे निघालो. मी संस्कृत पाठशाळेत घडलेला. साहेबांच्या प्रवचनांची भाषा पाहून देणे, एवढीच माझी सेवा. सोलापूरच्या अलीकडे साहेबांच्या छातीत कळ आली आणि ते प्रभूच्या विसाव्यात गेले. त्यांना तेथेच मातीआड करून बाई पुन्हा जीपमध्ये बसल्या. "पुढे चला," एवढेच म्हणाल्या.

घसा बसेल म्हणून साहेबांनी निघण्यापूर्वीच प्रवचन ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. वाशीम जिल्ह्यात चालक तेच भोंग्यातून लावू लागला. शेवटी साहेब म्हणत, "मी गाडीपाशीच उभा आहे. प्रार्थना हवी असेल त्याने यावे." पुढच्या रिकाम्या आसनाकडे पाहण्याचे मला धैर्य होत नसे. बाई खिडकीबाहेर पाहत ऐकत. साहेब गेले, हे शब्द त्यांनी अजून उच्चारले नव्हते.

जऊळक्याजवळ, भर दुपारी, मेथीच्या वाफ्यातून एक शेतकरी चिखलाच्या हातांनी धावत आला.

"बोलून राह्यले ते साहेब कुठी हायेत? पोरगं गेल्यापासून बायको भिताडाकडं तोंड करून पडली हाये माह्यी. हा आवाज आयकला अन् म्हने, त्या मानसाले आना, मंगच जेवीन."

"येतात, काका. तुम्ही व्हा पुढं," चालक बोलून गेला.

"कुठून आणणार आहेस?" मी विचारले. तोवर बाई उतरून शेतकऱ्यामागे चालूही लागल्या होत्या. मी मागोमाग गेलो.

वाफ्याला लागूनच असलेल्या घरात काळोख होता. खाटेवरच्या स्त्रीने मान न वळवता विचारले, "आले का ते?"

उत्तर बाहेरून आले. चालकाने यंत्र बंद केलेच नव्हते. प्रवचन पुन्हा आरंभापासून सुरू झाले. साहेब अंगणातच चपला काढीत आहेत, इतका तो स्वर भिंतीपलीकडे जवळ होता. शेतकरी दाराकडे वळला. "या ना साहेब, आत या."

दारात ऊन तेवढे होते.

"ते येणार नाहीत," बाई म्हणाल्या. "आमचे साहेब वारले. वाटेतच."

ती स्त्री प्रथमच आमच्याकडे वळली. "मंग हे कोन बोलून राह्यलं?"

"तेच."

ती भ्याली नाही. कोपरावर रेलून ऐकू लागली. मग म्हणाली, "तुमाले पिठलं-भाकर कोनं देल्ली?"

दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकर पोहोचवतात. पाळकीणबाईंचे घर तेव्हा चार चाकांवर होते आणि शेजारी म्हणजे आम्ही दोघे पुरुष. खानावळीत त्या ताट तसेच परत करीत, ते आम्ही पाहत होतो. पण हा आचार आमच्या ध्यानीही आला नव्हता.

"कोनीच नाई?" भिंतीला धरून ती उठली आणि नवऱ्यावर खेकसली, "पाहून काय राह्यले? काड्या आना. अन् कांदे हायेत का समदे बजारात इकून आले?"

भाकरीची थाप आणि साहेबांचे शब्द त्या काळोखात एकमेकांत मिसळू लागले. भोंगा बंद करायला कोणी उठले नाही. तिने बाईंपुढे ताट ठेवले.

"तुम्हीही बसा," बाई म्हणाल्या. ती बसली.

बाईंनी पहिला घास तोंडाशी नेला तोच बाहेर साहेबांनी प्रार्थनेला आरंभ केला. मी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी मला भाकरी मोडल्याचा आवाज येत होता. बाई जेवत होत्या.