विचारलं तेवढंच

जन्मभर ज्या माणसाने एकाही प्रश्नाला धड उत्तर दिलं नाही, त्याच्याइतका खरं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. मी त्यांना भाऊजी म्हणे, ते मला वहिनी. नातं काही नव्हतं. दिल्लीत मराठी माणूस जिन्यात भेटला की नातं लावून टाकायचं, एवढीच रीत. आता ते नाहीत, त्यामुळे नोकरीचे नियम त्यांना लागू होत नाहीत, आणि मला तर ते कधीच लागू नव्हते. म्हणून लिहिते.

भाऊजी एका मंत्रालयात संसदेचं काम बघणाऱ्या सेक्शनमध्ये होते. खासदार सरकारला लेखी प्रश्न विचारतात आणि त्याचं लेखी उत्तर मंत्र्याच्या नावाने छापून येतं. ते उत्तर मंत्री लिहीत नाही. भाऊजींसारखा कुणीतरी चष्मा पुसत लिहितो. अधिवेशन सुरू झालं की हा माणूस घरचा राहत नसे. केस कापायचे नाहीत, लग्नाला जायचं नाही, आजारी पडायचं नाही. सख्ख्या मेहुणीचं लग्न त्यांनी चुकवलं आणि वर म्हणाले, "तारीख ठरवताना मला कोणी विचारलं नव्हतं." ऑफिसची भाषा त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की त्यांच्या बायकोलाही ती शिकावी लागली. नुसतं "भाजी आणली का?" असं विचारून तिला काही हाती लागत नसे. ती बिचारी जिन्यातून ओरडे, "भाजी आणली का, आणली असल्यास कोणती, आणि नसल्यास का नाही?" तेव्हा कुठे वरून उत्तर येई, "पहिल्या भागाचं उत्तर नाही असं आहे. दुसरा भाग उद्भवत नाही. तिसऱ्याचं कारण पाऊस." एकदा मी आमटी पाठवली आणि मीठ बरोबर आहे का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "अद्याप तक्रार आलेली नाही." मी म्हटलं, "भाऊजी, पुढच्या वेळी वाटीच येणार नाही."

एकदा त्यांच्याकडे नागपूरचे पाहुणे आले होते. इथून स्टेशनला थेट बस जाते का, असं त्यांनी विचारलं. भाऊजी म्हणाले, जाते. पाहुणे ट्रंक घेऊन दोन तास स्टॉपवर उभे राहिले आणि त्यांची गाडी चुकली. बस फक्त सकाळी होती. बायको रडकुंडीला आली, तर हे शांतपणे म्हणाले, "केव्हा जाते, हे त्यांनी विचारलं नाही." मी तोंडावर सांगितलं, "ही लबाडी आहे." त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, "वहिनी, खोटं मी कधी लिहिलेलं नाही. सभागृहाला खोटं सांगणं हा गुन्हा आहे. पण विचारलं तेवढंच सांगायचं, ही आमची शिस्त. विचारणाऱ्याने नीट विचारायला शिकलं पाहिजे." मी चौथी शिकलेली बाई. मला ते पटलं नाही, पण लक्षात राहिलं.

तेव्हा देश उघडला म्हणत होते. नव्या कंपन्या, नव्या कॉलन्या, टीव्हीवर रोज नवे चॅनल. माझ्या जावयाला फरीदाबादला अशाच एका नव्या कंपनीत नोकरी लागली आणि त्यांनी नव्या वस्तीत घर घेतलं. घर बरं होतं. नळ नव्हता, बोअर होता, आणि त्याचं पाणी बादलीत तासभर ठेवलं की पिवळं पडायचं. गल्लीच्या मागेच केंद्र सरकारचा एक जुना कारखाना, त्याचं सांडपाणी भिंतीबाहेर सोडलेलं. माझी नात चार वर्षांची. तिचं पोट सारखं बिघडायचं, अंगावर चट्टे उठायचे. डॉक्टर म्हणाला, पाणी बदला. पाणी बदलता येईना म्हणून आम्ही पोरीचं घर बदललं. ती माझ्याकडे आली. मुलगी दर रविवारी येई आणि संध्याकाळी परत जाताना पोर तिचा पदर सोडत नसे. हे मी रंगवून सांगत नाही. पदर खरोखर फाटला होता.

एका रविवारी पोरीने जिन्यात भाऊजींना धरलं. "आजोबा, मी मम्मीच्या घरी कब जाणार?" भाऊजी पायरीवर बसले. चष्मा काढला, घातला. मग सरळ माझ्या स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "वहिनी, कागद घ्या. तुमच्या हाताने लिहा. माझं अक्षर आमचा चपराशीसुद्धा ओळखतो."

मी लिहायला घेतलं, "तिथलं पाणी खराब का आहे?"

"खोडा. हे तुमचं मत झालं. एका वाक्यात उडवतील."

"मग काय लिहू, पाणी छान आहे?"

"आणि नुसतं पाणी म्हणाल तर तो राज्याचा विषय म्हणून हात झटकतील. कारखाना केंद्राचा आहे. कारखाना धरा." मग ते हिंदीत सांगत गेले आणि मी लिहीत गेले. या कारखान्याच्या हद्दीलगतच्या विहिरी व कूपनलिकांच्या पाण्याची तपासणी झाली आहे काय, झाली असल्यास शेवटची केव्हा, तिचा निष्कर्ष काय, नसल्यास कारणे काय, आणि ती केव्हापर्यंत होईल. चारी बाजूंनी दारं लावून मांजर पकडावं तसा तो प्रश्न होता.

मी विचारलं, "हा कारखाना कुठल्या मंत्रालयाचा?"

"आमच्याच."

"म्हणजे उत्तर तुम्हीच लिहिणार? मग आत्ताच सांगा की!"

"मला माहीत नाही हो," ते म्हणाले. "कारखान्याने कधी कळवलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. मी पत्र पाठवलं तर ते फाइलीत पडून राहील. संसदेचा प्रश्न आला तर त्यांना तारखेच्या आत उत्तर द्यावं लागतं." तेव्हा मला त्यांच्या धंद्यातली गोम कळली. विचारल्याशिवाय सरकारलासुद्धा आपल्या घरात काय चाललंय ते ठाऊक नसतं.

कागद घेऊन आपल्याकडच्या एका खासदारांच्या बंगल्यावर मी एकटीच गेले. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला. "मावशी, हे कोणी लिहून दिलं?"

"अक्षर माझं आहे."

"शिक्षण किती?"

"चौथी."

"चौथीत असे प्रश्न काढायला शिकवतात?"

"आमच्या वेळी शिकवत," मी म्हटलं. त्यांनी हसून सही केली.

प्रश्न संसदेच्या यादीत लागला आणि फिरत फिरत भाऊजींच्याच टेबलावर आला. कारखान्याने कळवलं, तपासणीची गरज भासली नाही. वरच्या साहेबांना उत्तर हवं होतं की प्रदूषण निदर्शनास आलेलं नाही. भाऊजींनी फाइलीवर दोन ओळी लिहिल्या: तपासणीच झालेली नसताना निदर्शनास आले नाही असे म्हणणे म्हणजे सभागृहाची दिशाभूल होईल. एवढ्यावरून दोन दिवस आरडाओरडा झाला. शेवटी छापून आलं ते असं: माहिती गोळा केली जात आहे व सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल.

मी तो छापील कागद त्यांच्यापुढे टाकला. "यासाठी पोर माझ्याकडे पडून आहे?"

"वहिनी, हे सगळ्यात मोठं उत्तर आहे. 'नाही' लिहिलं असतं तर फाइल बंद. 'गोळा करत आहोत' म्हणजे आश्वासन. ते वहीत चढतं. तीन महिन्यांत पुरं करायचं, नाही तर मुदत मागायची, आणि त्यासाठी खासदारांची एक कमिटी आहे, ती कारण विचारते. आता ते सुटत नाहीत."

ते सुटले नाहीत हे खरं, पण त्यांनी भाऊजींनाही सोडलं नाही. महिनाभरात त्यांची बदली तळघरातल्या जुन्या फाइलींच्या खोलीत झाली. पुढचं अधिवेशन आलं तेव्हा ते सवयीने पहाटे उठले, दाढी केली, आणि खुर्चीवर बसून राहिले. बायको म्हणाली, "केस तरी कापून या आता." कापून आले. फार बारीक कापले होते, ओळखू येईनात. मी विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाले, "हो." पुढे काही जोडलं नाही. स्वतःबद्दल एवढं सरळ उत्तर त्यांच्याकडून मी प्रथमच ऐकलं आणि मला ते आवडलं नाही.

त्यानंतर दर अधिवेशनाला मी कागद लिहून नेत होते, आश्वासन पुरं झालं का म्हणून. दोनदा मुदतवाढ झाली. तिसऱ्या खेपेला अहवाल पटलावर आला: गल्लीतल्या बहुतेक बोअरचं पाणी पिण्यालायक नाही. आधी टँकर आले, मग पाइप टाकला. सगळं मिळून दोन वर्षं गेली. तोवर पोर इथल्या शाळेत पहिलीत गेली होती आणि रात्री झोपेत आईला नाही, मला हाक मारत होती. पाण्याच्या अहवालात हे कुठे लिहायची जागा नसते.

तिला पोचवायला निघाले तेव्हा भाऊजी म्हणाले, "मीही येतो." निवृत्त झाले होते, वेळ होता. बसमध्ये पोर आमच्या दोघांच्या मधे बसली. फरीदाबादला मुलीने नळ सोडून दाखवला. भाऊजींनी पेला भरला, उजेडाकडे धरला, आधी स्वतः प्यायले, मग पोरीला दिला. ती घटाघटा प्यायली आणि गल्लीतल्या मुलांत पळाली. आम्ही निघालो तेव्हा तिने लांबूनच हात हलवला. असंच असायला हवं. ते भिंतीपलीकडच्या कारखान्याकडे बघत म्हणाले, "तीस वर्षं गावांची नावं लिहिली, वहिनी. प्रत्यक्ष पाहिलं ते हे एकच."

परतीच्या बसला गर्दी नव्हती. आम्ही त्याच बाकावर बसलो, मी खिडकीशी, ते कडेला. त्यांच्याजवळ मुलीने दिलेली पिशवी होती, चांगली जड. मधली जागा मोकळी होती. दिल्ली येईपर्यंत भाऊजींनी ती पिशवी मांडीवरच धरून ठेवली. मीही तिथे काही ठेवलं नाही.