मधले चोवीस रुपये

नेसरीचा शिवलिंग कोल्हापुरात आला तो गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून. पंधरा वर्षं त्यानं सौदे लिहिले. सौद्यात एकदा तोंडातून भाव गेला की गेला. मग बाजार मोडो नाहीतर आभाळ कोसळो, बोललेला शब्द गिळायची सोय नव्हती. त्याच बाजारात आकाराम गुळाच्या ढेपा तोलायचं काम करायचा. दोघं दुपारी एका डब्यात जेवायचे आणि भांडायचे फक्त कुस्तीवरून.

पुढं मालकाच्या पोरानं गूळ सोडून शेअरचं ऑफिस थाटलं आणि दिवाणजीला कॉम्प्युटरसमोर बसवलं. गिऱ्हाईक मागं उभं राहून ‘घे’ म्हणालं की घ्यायचं, ‘वीक’ म्हणालं की विकायचं. पगार बटणं दाबायचा, शिव्या फुकट. संध्याकाळी मान अशी आखडायची, की बायकोनं हाक मारली तर अख्ख्या अंगानं वळावं लागे.

आकारामनं निव्वळ त्याच्या शब्दावर एका सिमेंट कंपनीचे शंभर शेअर घेतले होते. २००४ च्या मे महिन्यात निवडणुकीचे निकाल लागले आणि सोमवारी बाजार गडगडला. नेमका त्याच दिवशी आकाराम धापा टाकत आला. गडहिंग्लजला एकवीस हजारांना म्हैस ठरवून, विसार देऊन आला होता. पडद्यावर भाव होता दोनशे बारा. ‘वीक’ म्हणाला. त्या पळापळीत भाव बांधून घातला असता तर शेअर तसेच पडून राहिले असते, म्हणून शिवलिंगनं मिळेल त्या भावाला विकायला लावले. विकले गेले एकशे अठ्ठ्याऐंशीला.

पैसे कमी पडले, म्हैसही गेली आणि विसारही बुडाला.

शिवलिंगनं परोपरीनं सांगितलं. दोनशे बारानं घेणाऱ्याला पाच-दहाच शेअर हवे होते, ते आपल्या आधीच कुणीतरी त्याच्या गळ्यात मारले, बाकीचे घेणारे भराभर खाली सरकले. आकाराम ऐकून घ्यायचा आणि पुन्हा तिथंच यायचा.

“माझ्या डोळ्यांनी दोनशे बारा बघितलंय. सौद्यात बोललेला भाव कवा कुणी मागं घेतलाय? मग मधलं चोवीस रुपय कुणाच्या खिशात गेलं, तेवढंच सांग की.”

कुणाच्याच नाही, हे उत्तर त्याला पटेना. पटावं तरी कसं? जन्मभर तराजूशेजारी उभा राहिलेला माणूस. एका पारड्यातून गेलेलं दुसऱ्या पारड्यात दिसायलाच हवं. त्यानं जेवणाचा डबा वेगळा केला, मग बोलणं सोडलं, मग शिवलिंग दिसला की रस्ता बदलायला लागला. शिवलिंगला त्याचं फार लागलं. तो तीनदा त्याच्या दारात जाऊन आला, तीनदा तेच बोलला आणि स्वतःचंच बोलणं ऐकून त्याला कंटाळा यायला लागला.

दिवाळीच्या आधी तो चौथ्यांदा गेला. या खेपेला त्याच्यात समजावून सांगायचं त्राणच उरलं नव्हतं. पगारातले चोवीसशे रुपये त्यानं आकारामच्या हातावर ठेवले.

“मीच खाल्लंतं,” तो म्हणाला.

आकारामनं नोटा मोजल्या. त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू मोडली. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा झाला. त्यानं शिवलिंगचा हात धरून त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

“हे आधीच सांगायचं न्हाय व्हय, लेका? माणूस हाय, चुकतंय. मी कुणाला बोलणार न्हाय. पर परत असं करू नगंस.”

“न्हाय करत,” शिवलिंग म्हणाला.