पुलाच्या अलीकडे

"कोन म्हनस?" असं ती विचारायची आणि विचारताना चष्मा कपाळावर सरकवायची. चष्मा वर गेला की समजायचं, आता ही कुणाचं ऐकत नाही. 'कोण म्हणतं असं?' या अर्थाचे हे दोन अहिराणी शब्द आमच्या ऑफिसातल्या गुजराती माणसांनाही पाठ झाले होते. आम्ही तिला ताई म्हणायचो. ती धुळ्याकडची, सुरतेच्या गोडादरा भागात म्हाताऱ्या आईबरोबर राहायची. लग्न केलं नव्हतं. "वय निघून गेलं गं," असं कुणी हळहळलं तरी उत्तर तेच.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. सुरतेत पर्वत पाटियाजवळ साड्यांची डिझाइनं काढणाऱ्या एका ऑफिसात आम्ही होतो. ताई, मी आणि एक सुरती काका. काका ब्रशने कागदावर वेल काढत आणि तो वेल वाऱ्याने हलतोय असं वाटे. ताईला रंग कालवायलासुद्धा त्यांनीच शिकवलं होतं. पुढे शेठनी कॉम्प्युटर आणला आणि त्यावर ताईला बसवलं.

कॉम्प्युटर विकणाऱ्याने सोबत एका गेमची सीडी फुकट दिली होती. जेवणाच्या सुट्टीत ताई एका हाताने भाकरी खात तो गेम खेळायची. त्यात तलवार घेतलेली एक मुलगी होती. राक्षसाने बळकावलेला डोंगरावरचा किल्ला तिला सोडवायचा होता. सोबत कंदील घेतलेला एक म्हातारा वैद्य, तो तिच्या जखमा बऱ्या करायचा. पडद्यावरचं इंग्रजी ताई शब्दकोश उघडून वाचायची आणि आम्हाला गोष्ट सांगायची. मीही रोज विचारायचो, "ताई, आज कुठवर?"

खरं सांगायचं तर गेममध्ये खोडी पुष्कळ होत्या. रस्ता एकच. वाटेतल्या घरांची दारं नुसती रंगवलेली, एकही उघडायचं नाही. गावातल्या माणसाला कितीदाही विचारा, तो तेच वाक्य म्हणायचा. जरा चाललं की कुठलंतरी भूत अंगावर यायचं.

मी म्हणालो, "हे घाण्याच्या बैलासारखं झालं. यात तू ठरवायचं काय?"

"कोन म्हनस?" चष्मा वर गेला. "वाट एकच आहे म्हणून चुकायची भीती नाही. नीट बघता येतं. ते झाड बघ, पान न् पान मन लावून काढलंय. आणि गोष्ट अशी धरून ठेवते की भाजी गार होते."

काकाही खुर्ची ओढून बघायला बसत. "आ डोसो मारा जेवो छे," म्हणत. हा म्हातारा माझ्यासारखाच आहे.

मग तो पूल आला. पूल कोसळत होता. म्हाताऱ्याने मागे थांबून दोर धरायचा, मुलीने पार जायचं, म्हातारा दरीत जायचा. दुसरा मार्ग नव्हता. फक्त एक बटण दाबायचं होतं. ताईने ते दाबलं नाही. मागे फिरून तिने प्रत्येक दगड, प्रत्येक झुडूप तपासलं. काही सापडलं नाही, तेव्हा ती पडद्यावरच चिडली. "ज्याला एवढा देखणा डोंगर काढता येतो, त्याला एक पायवाट काढता येत नाही?"

काका लेकीला समजवावं तसे हसून म्हणाले, "दबावी दे, दीकरी. ए तो चित्र छे."

"चित्र आहे म्हणूनच तर," ताई म्हणाली. "चित्रात तरी कशाला मारायचा?"

गेम तिने पहिल्या गावापासून पुन्हा सुरू केला. पुलापर्यंत जायची आणि तिथेच थांबायची.

काही महिन्यांनी शेठ आत आले. काका तिथेच रंग कालवत होते. शेठ ताईला म्हणाले, "बेन, आता सगळं तुम्हीच करता. काकांना आराम देऊ. काळच तसा आहे."

ताई कॉम्प्युटर बंद करून उठली. "काका जाणार असतील तर मीही जाते."

"काम शिकलेल्या मुली रोज विचारायला येतात, बेन."

"येऊ द्या."

काका घाबरले, तिला घरच्या आईची आठवण देऊ लागले. "बेसी जा, दीकरी. घेर तारी मा छे." ताई बसली नाही. तिने काकांचे ब्रश धुतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि काकांना घेऊन जिना उतरली. सोमवारी येईल परत, असं शेठ म्हणाले. ती आली नाही. तिच्या जागी आलेल्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये जागा पुरत नाही म्हणून तो गेम काढून टाकला.

गोडादऱ्यात एका खोलीत दोघांनी काम मांडलं. लहान व्यापारी हाताची डिझाइनं घेत. काही महिने कुणीच येत नसे, तेव्हा ताई चित्रकलेच्या शिकवण्या करायची. मी गेलो की दोघं भांडताना सापडायची. रेघ जाड झाली असं काका म्हणायचे, ती चष्मा वर सरकवायची, आणि शेवटी रेघ बारीक करायची. चार पैसे कमी मिळाले, पण काकांच्या हातातला ब्रश शेवटपर्यंत सुटला नाही.

काका गेले ते उन्हाळ्यात, दुपारी झोपेत. त्यांना मूलबाळ नव्हतं, अंत्यविधीचं सगळं पुतण्याच करत होता. तिरडी उचलल्यावर ताईही निघाली. गल्लीच्या तोंडाशी एका वडीलधाऱ्याने हात आडवा धरला. "बेन, बायका इथपर्यंतच."

ताई त्या हाताखालून वाकून पुढे गेली. माणसं वळून वळून बघत होती. ती सरळ समोर बघत, अनवाणी, तापल्या डांबरावरून चालत राहिली. पुढच्या वळणावर पुतण्याने मागे पाहिलं, पावलं थोडी हळू केली आणि तिरडीखाली आपल्या खांद्याजवळची जागा तिला करून दिली.