पंखाच्या आतून हाव

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विमान होतं. हे वाक्य मी पुण्यात कितीदा तरी सांगितलं आणि दर वेळी समोरच्याने आधी हसून घेतलं. खेळण्यातलं नव्हे, दोन माणसं बसतील असं, सुट्ट्या भागांत खोक्यांतून आलेलं खरंखुरं विमान. आता ते तिथे नाही, बाबाही नाहीत. शेडमध्ये आईने पुन्हा स्कूटर लावली आहे.

बाबा बुलढाण्याला आयटीआयच्या पोरांना फिटरचं काम शिकवायचे. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्यांनी प्लॉट घेतले, ह्यांनी विमान मागवलं. नांदुऱ्याच्या रेल्वे स्टेशनवरून ट्रकने खोकी आली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "आता स्कूटर कुठी ठेवसान?" शेजारच्या काकू रोज कुंपणावरून विचारायच्या, "इमान झालं का हो?" आणि बाबा प्रामाणिकपणे सांगायचे, "अजून नाही."

मी तेव्हा कॉलेजात होते. अंगाने काडी, म्हणून पंखाच्या आत माझाच हात जायचा. पत्रे जोडायचे रिव्हेट ठोकायला दोघं लागतात. बाहेरून हवेवर चालणारी हातोडीची मशीन, आतून टेकू द्यायला लोखंडी ठोकळा. ठोकळा नीट बसला नसेल तर पत्रा चेपतो, आणि मध्ये पंख असल्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. म्हणून बाबा विचारायचे, "हाव?" मी ठोकळा दाबून म्हणायची, "हाव." की तडतड सुरू. अख्खी सुट्टी आम्ही बापलेकींनी होकाराच्या ह्या एका शब्दावर काढली. इतर घरांत काय बोलतात कोण जाणे, आमचं तेवढ्यात भागायचं.

मग पुण्यात नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात ऑफिसात 'हाव' म्हणाले, तर एकाने विचारलं, "कसली हाव?" सगळे हसले. मला भयंकर राग आला, पण 'हो' म्हणायला शिकले.

दिवाळीला घरी आल्यावर फराळाआधी पंखात हात घातला.

"हाव?"

"हो."

मशीन गप्प. बाबा पंखाला वळसा घालून धावत आले. "काऊन वं, हात चेंगरला काय?"

"नाही. हो म्हटलं मी!"

"हो तं बैलाले म्हणतेत, थांबवाले!"

देऊळघाटच्या शेतात वाढलेला माणूस तो. काम करताना त्यांच्या कानाला हो म्हणजे थांबच ऐकू यायचं. त्या दिवाळीभर मला घरात 'पुणेकरीण बाई' हेच नाव पडलं.

पुढे त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. हे वाढतच जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या पंखाचा शेवटचा पत्रा राहिला होता. विमान उडवायच्या परवानग्या येतील तेव्हा येवोत, पण बांधून पुरं आपल्याच हाताने व्हावं, एवढं एकच त्यांना हवं होतं. मी रजा टाकून आले. मशीन त्यांना पेलेना, आणि आजाराने आता तेही काडी झालेले, म्हणून आम्ही जागा बदलल्या. मशीन माझ्याकडे, ठोकळा त्यांच्याकडे. दोन्ही हातांनी धरला की थरथर जरा कमी व्हायची.

"हाव?" मी विचारायची. आतून यायचं, "हाव." असं करत शेवटच्या रिव्हेटपाशी आलो.

"हाव?"

मी पुन्हा मोठ्याने विचारलं.

"बाबा, हाव?"

मी पंखाला कान लावला. तेवढ्यात आतून, थेट पुण्याच्या थाटात, नाकातून आलं, "होऽ."

मशीन टाकून मी धावले. बाबा हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"चेष्टा केली वं," ते म्हणाले. "हा ठोकला का सरलं सारं. म्हणून जराक थांबवलं."

मला रडू आवरेना. मग आम्ही तिथेच खोक्यांवर बसून चहा घेतला, अगदी सावकाश, कप गार होईपर्यंत. कप खाली ठेवून त्यांनी पुन्हा ठोकळा धरला, आणि मी विचारायच्या आधीच म्हणाले, "हाव."