मारुतीच्या गुडघ्याला पाणी

गोदावरीला पूर येणार असला की नाशिककरांना मोबाइलवर इशारा पाठवायचा, ही माझी नोकरी. घाटावरचा फुलवाला मोबाइल बघतच नाही. तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतो. "गुडघ्याला पाणी लागलं की टोपल्या उचलायच्या," एवढंच त्याचं शास्त्र. दर पावसाळ्यात मी त्याला क्युसेक समजावतो. तो मान वर न करता, हार ओवत, "बरं साहेब" म्हणतो.

परवा 'घाटावर वाहने लावू नयेत' हा इशारा मीच पाठवला आणि मग आठवलं, माझी स्कूटर सकाळपासून घाटावरच आहे. धावत गेलो. फुलवाल्यानं चौघांना हाक मारून ती वरच्या पायरीवर नेऊन बांधली होती. त्या गडबडीत त्याच्याच दोन टोपल्या वाहून गेल्या.

"सगळ्या गावाला तुम्ही कळवता, साहेब," तो म्हणाला. "म्हटलं, तुम्हाला कोण कळवणार?"