निसटलेल्या वाट्या

चहा घ्या आधी. ही गोष्ट ऐकताना घोट घशात अडकला तर माझ्या भरवशावर राहू नका. मी नर्स म्हणून किती शहाणी होते, तेच आता सांगणार आहे!

इंग्रजांचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. मी अकोल्याला दवाखान्यात नर्सिंग शिकत होते. सहा महिने झाले होते फक्त. पण तोरा? मोठ्या सर्जनलाही नसेल! 'मले-तुले' सोडून 'मला-तुला' म्हणायला लागले होते. हाडांची नावं तर अशी घडाघडा म्हणायची, जणू मीच ती माणसात बसवली!

सुट्टीत मामाकडे रिठदला गेले. मामाचा भाजीचा मळा होता. वांगी, मिरच्या, मेथी. माल रिसोडच्या बाजाराला जायचा. मी पोचले त्याच दिवशी मोट हाकताना मामा घसरून गुडघ्यावर पडला. ओसरीवर पाय लांब करून बसला होता, आणि शेजारी चंद्राबुढी आंबेहळद उगाळत होती.

ही चंद्राबुढी म्हणजे गावची हाडं बसवणारी. तोंडात तंबाखू, नखात माती, अक्षरशत्रू. मला तर बघूनच शिसारी आली.

"मुका मार हाये," बुढी म्हणाली. "दोन दिसात पळीन."

"तुम्हाला काय कळतं?" मी तिचा हात बाजूला सारला. "व्हा तिकडं. मी तपासते."

मामाचा पाय सैल सोडायला लावला, गुडघ्याची वाटी चिमटीत धरली. वाटी चक्क इकडून तिकडं सरकत होती!

"मामा! वाटी निसटली!"

"निसटली?" मामाचं तोंड पांढरंफटक. "आता मोट कोन हाकीन व माय? मिरच्या वाळून जातीन ना!"

"ते हालतेच," बुढी थंडपणे म्हणाली.

"कुणाची हलते? आमच्या दवाखान्यातल्या सांगाड्याची नाही हलत! मी स्वतः हात लावून पाहिलंय!"

"सांगाडा कोनाचा?"

"मेलेल्या माणसाचा. दुसऱ्या कोणाचा असणार?"

"मंग तो कायचा हालीन?"

ओसरीवरचे सगळे हसले. माझं डोकं सणकलं. म्हटलं, अडाण्यांच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही. बांबूच्या कामट्या मागवल्या, मामीचं जुनं लुगडं फाडलं आणि मामाचा पाय मांडीपासून पोटरीपर्यंत आवळून बांधला. असा आवळला की गंजीचा कडबाही तसा कोणी बांधणार नाही.

आता आम्हाला शिकवलं होतं की, दुखरी बाजू तपासली की चांगली बाजूही तपासून ताडून बघायची. मी शिस्तीची! दुसरी वाटी धरली. तीही सरकली!

इथं कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, 'माझंच काहीतरी चुकतंय.' मी काय म्हणाले?

"अरे देवा, दोन्ही गेल्या!"

मामीनं घाबरून स्वतःचा गुडघा चाचपला आणि ती किंचाळलीच, "यमे, माहीबी हालून राह्यली व!"

मग काय विचारता! शेजारचे आले, पाजारचे आले. ज्याचा गुडघा धरावा त्याची वाटी सैल. मी कपाळाला हात लावून विचार करत बसले आणि एकदम आठवलं, लाखोळीची डाळ! ती खाऊन माणसांचे पाय जातात असं ऐकलं होतं. ही तर साथच! हुकूम सोडला, घरातली लाखोळी उकिरड्यावर फेका आणि कोणी पाय वाकवायचा नाही!

घडीभरात ओसरीवर सात जण कामट्या बांधून ओळीनं आडवे. मळ्यात पाणी बंद. बैल उभे. आणि चंद्राबुढी खांबाला टेकून तंबाखू चघळत आमच्याकडं बघत होती.

"सोताची पाह्यली का व वाटी?" तिनं विचारलं.

"मी कशाला बघू? मी नर्स आहे!"

ऐकलंत उत्तर? जसं काही नर्सला वेगळ्या कारखान्यात घडवतात!

मामाला गाडीत घातलं आणि सहा कोस वाशिमला निघाले. मामा वाटभर कण्हत होता, "यमुने, पायाले मुंग्या येऊन राह्यल्या." मी म्हणत होते, "येणारच. दुखणंच तसं आहे."

दिवेलागणीला दवाखान्यात पोचलो. थोरल्या सिस्टर पुढं आल्या. त्यांनी आधी गुडघा पाहिलाच नाही, मामाची पायाची बोटं पाहिली. निळी पडली होती. कात्रीनं कचाकच पट्ट्या कापल्या.

"बोटं बघितली होतीस का वाटेत?"

"नाही."

"आणखी थोडा वेळ गेला असता तर पाय गेला असता यांचा. कोणी बांधलं हे?"

"मी." मग धीर करून वाटीचं सांगितलं. सांगाड्याचं, साथीचं, लाखोळीचं.

सिस्टरनी मला बाकावर बसवलं. "पाय लांब कर. सैल सोड. आता आपली वाटी धर."

धरली. सरकली!

"आता पाय ताठ कर."

ताठ केला. वाटी घट्ट!

"मांडीच्या स्नायूच्या दोरात असते ती. स्नायू सैल, की वाटी सैल. आणि सांगाड्याची हलत नाही, कारण ती तारेनं घट्ट बांधलीय. तुझ्यासारख्या मुलींनी हरवू नये म्हणून."

मामाच्या पायात रक्त फिरेपर्यंत मी त्याचे तळवे चोळत बसले. त्यानं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी रिठदला परतलो. गाडीत मी वाक्यं जुळवत होते. त्या सहा जणांना काय सांगू? कसं सोडवू? पाहते तर ओसरी रिकामी! मामी मळ्यात पाणी वळवत होती. खांबाशी एकटी चंद्राबुढी.

"बाकीचे कुठायत?" मी विचारलं.

"तुही गाडी वळनावर गेली अन् म्या सगळ्यायले सोडलं. एकच रोगी राह्यला."

"कोण?"

बुढी गुडघ्यावर हात टेकून उठली, जवळ आली आणि माझ्या टाळूवर दोन बोटं टेकवून हलकेच हलवून पाहिली.

"हे वाटी," ती म्हणाली, "हे मात्र खरंच निसटली हाये, माय. अन् ह्याले आंबेहळद चालत नाही."