घोडा धुणारा

मी अन् बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आमच्या घोड्याची लघवीची जागा धुवायला पाणी कोमट करणं. धुणारा भिंगारचा मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारा. घोड्याला म्हणायचा, "मालक, पाय सरकवा," अन् मला, "ए म्हाताऱ्या, दोर धर नीट." बायको लई हसायची.

"सूज हाय. उद्याबी धुवायचं, न्हाईतर लघवी तुंबंल," असं बजावून तो गेला. संध्याकाळी बायको अचानक वारली. रातीच सगळं उरकलं. घरात चूल बंद, मी घोडा विसरलो.

सकाळी मोतद्दार सायकलीवर पाण्याचा कॅन घेऊन हजर. कॅनला गोधडी गुंडाळलेली.

भावकी म्हणाली, "अरे, सुतक हाय!"

"तुमाला हाय. घोड्याला न्हाई."

घोडा धुतला. उरलेलं पाणी माझ्यापुढं ठेवलं. "तोंड धू. गार व्हायलंय."

मी धुतलं.